विजयानंतरचा सेनापती



पराभवाची चिकित्सा आपण हिरिरीने करतो. कोण वेळेवर पोचला नाही, कोणी कुमक पाठवली नाही, कोणाचा सल्ला धुडकावला गेला, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद रंगतात. विजयाच्या वाट्याला पोवाडे येतात, पुतळे येतात. चिकित्सा क्वचितच येते. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण आधुनिक युद्धांतल्या कित्येक महागड्या चुका विजयाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या दिसतात. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. मोठा विजय सेनापतीच्या पदरात मुलूख टाकतो, पण त्याच्याभोवती शंका घेणारी जी माणसे असतात त्यांची तोंडे बंद करतो. शंका विचारणारे गप्प झाले की शत्रूची खरी बातमी वरपर्यंत चढेनाशी होते, आणि चढली तरी ती पटत नाही. म्हणून सेनापतीची परीक्षा विजय मिळाल्यावर संपत नाही, तिचा अवघड भाग तिथून पुढे असतो. हे म्हणणे पडताळण्यासाठी मी कोरियाचे युद्ध निवडले आहे. जून १९५० ते जून १९५१ या एका वर्षात त्या चिंचोळ्या द्वीपकल्पावर तीन वेगवेगळ्या पक्षांना मोठे विजय मिळाले. एक उत्तर कोरियाचा, दुसरा अमेरिकेचा, तिसरा चीनचा. राजवटी वेगळ्या, युद्धपरंपरा वेगळ्या, माणसे तर अगदीच वेगळी. तरी तिघांनी चूक केली ती एकच. असे घडते तेव्हा दोष एखाद्याच्या स्वभावावर ढकलून मोकळे होता येत नाही.

पहिला विजेता उत्तर कोरियाचा नेता किम इल-सुंग. २५ जून १९५० रोजी त्याच्या फौजांनी ३८ अक्षांशाची रेषा ओलांडली आणि चौथ्या दिवशी, २८ जूनला, सोल पडले. ऑगस्ट उजाडेपर्यंत दक्षिण कोरियाची आणि घाईघाईने आणलेली अमेरिकन सेना आग्नेयेकडच्या एका कोपऱ्यात, नाक्तोंग नदीच्या आडोशाने बुसान बंदराभोवती कोंडली गेली होती. आता एक शेवटचा धक्का पुरे, असे किमला वाटले आणि त्याने होते नव्हते ते सगळे सैन्य त्या कोपऱ्यावर लोटले. पण त्याची रसद शेकडो मैलांवरून, बरीचशी सोलवरून, विमानहल्ल्यांनी खिळखिळ्या झालेल्या रेल्वेने आणि रस्त्यांनी येत होती, आणि मागे किनाऱ्यावर राखणीला फारसे कोणी उरले नव्हते. हे धोक्याचे आहे हे पेकिंगमध्ये कळत होते. लेइ यिंगफू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने नकाशे आणि अमेरिकन सरसेनापती मॅकआर्थर यांच्या जुन्या मोहिमा अभ्यासून अंदाज बांधला की अमेरिकन सैन्य पिछाडीला, बहुधा सोलजवळच्या इंचॉनला, समुद्रातून उतरेल. माओंनी हा इशारा ऑगस्टअखेरीस किमपर्यंत पोचवला. किमने तो मनावर घेतला नाही. जवळजवळ सगळा देश ताब्यात आलेल्या माणसाला पिछाडीची भीती घालणे सोपे नसते.

दुसरा विजय इंचॉनचा. त्याकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण माझ्या मांडणीवरचा सर्वांत सबळ आक्षेप इथूनच निघतो. इंचॉनला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत तीस फुटांच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला बंदरासमोर दूरवर नुसता चिखल उघडा पडतो. त्यात उतरणाऱ्या होड्या रुतून बसल्या तर किनाऱ्यावरच्या तोफांना आयते लक्ष्य. बंदराकडे येणारी खाडी अरुंद, तिच्या तोंडाशी वोल्मिदो बेट, आणि वाळूच्या किनाऱ्याऐवजी दगडी भिंत, जिच्यावर शिड्या लावून चढायचे. पुरेशी मोठी भरती महिन्यातून मोजकेच दिवस येणार. २३ ऑगस्टला टोकियोत, मॅकआर्थर यांच्या मुख्यालयात, भरलेल्या बैठकीत नौदलाच्या अधिकाऱ्यांनी या अडचणी एकेक करून मांडल्या. वॉशिंग्टनहून आलेले लष्करप्रमुख कॉलिन्स आणि नौदलप्रमुख शर्मन यांनाही शंका होत्या. मॅकआर्थर यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग आपली बाजू मांडली: जी जागा सगळ्यांना अशक्य वाटते तिथेच शत्रू बेसावध असणार. पुढचे तीन आठवडे त्या अडचणी सोडवण्यात गेले. नौदलाचे लेफ्टनंट यूजीन क्लार्क इंचॉनजवळच्या बेटावर आधीच उतरले. रात्री जाऊन चिखलात पाय किती रुततो, भिंत किती उंच आहे, तोफा कुठे आहेत, हे त्यांनी पाहिले आणि कळवले. हल्ल्याच्या पहाटे पाल्मिदोचा दीपस्तंभ पेटवून आरमाराला वाट दाखवली. १५ सप्टेंबरला सकाळच्या भरतीबरोबर वोल्मिदो घेतले, संध्याकाळच्या भरतीबरोबर शहर. २९ सप्टेंबरला मॅकआर्थर यांनी सोल समारंभपूर्वक दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांच्या हवाली केले. रसद तुटलेली किमची फौज दक्षिणेत विखरून गेली.

त्या दिवसापासून टोकियोतली हवा पालटली. ज्यांनी शंका काढल्या होत्या ते खोटे ठरले होते, आणि खोटा ठरलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडताना दहा वेळा विचार करतो. २९ सप्टेंबरलाच संरक्षणमंत्री मार्शल यांनी कळवले की ३८ अक्षांशाच्या उत्तरेला जाताना आपल्यावर कसलेही बंधन आहे असे मॅकआर्थर यांनी मानू नये. इंचॉनची सेना, म्हणजे दहावी कोअर, उत्तरेकडे पळणाऱ्या शत्रूच्या मागे सोडण्याऐवजी मॅकआर्थर यांनी ती पुन्हा जहाजांवर चढवली आणि द्वीपकल्पाला वळसा घालून पूर्वेच्या वॉन्सानला पाठवली. इंचॉनचे बंदर या चढउतारात अडकले आणि वॉकर यांच्या आठव्या सेनेची रसद रखडली. दक्षिण कोरियाचे सैनिक १० ऑक्टोबरला पायी वॉन्सानमध्ये शिरले. समुद्रातले सुरुंग निघेपर्यंत जहाजांवर ताटकळलेले मरीन तिथे उतरले २६ ऑक्टोबरला. सेनेचे दोन भाग झाले, मध्ये तेबेक पर्वताची रांग, आणि दोन्ही भाग वेगवेगळे टोकियोला जबाबदार. चीनच्या सरहद्दीलगतच्या प्रांतांत कोरियन नसलेले सैन्य वापरायचे नाही, अशी वॉशिंग्टनची सूचना होती. २४ ऑक्टोबरला मॅकआर्थर यांनी ती बाजूला सारली. सेनाप्रमुखांनी खुलासा मागितला, लष्करी गरज असे उत्तर आले, आणि विषय तिथेच मिटला. दोनच महिन्यांपूर्वी याच माणसांनी भरतीच्या तक्त्यावरून खल केला होता.

इशारे आले नव्हते असे म्हणता येणार नाही. ३ ऑक्टोबरच्या पहाटे, मध्यरात्र उलटून गेल्यावर, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पेकिंगमधले भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना बोलावून घेतले आणि स्पष्ट सांगितले: अमेरिकन फौजा ३८ अक्षांश ओलांडतील तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने हा निरोप लंडन आणि वॉशिंग्टनला पोचवला. तिथे निरोपापेक्षा निरोप्याचीच चर्चा अधिक झाली. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, सबब ही पोकळ धमकी आहे, असे ठरले. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी चीनबद्दल विचारले तेव्हा मॅकआर्थर यांनी शक्यता फारच कमी असल्याचे सांगितले. चिनी आले तरी पन्नास-साठ हजारांहून अधिक सरहद्दीवरची यालू नदी ओलांडू शकणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. चारच दिवसांनी चिनी सेनापती फंग दहुआई यांच्या फौजा रात्रीच्या अंधारात यालू ओलांडू लागल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उन्सानला त्यांनी अमेरिकन घोडदळाच्या नावाने ओळखली जाणारी एक रेजिमेंट फोडली, चिनी कैदी हाती लागले, आणि मग ते सैन्य डोंगरांत दिसेनासे झाले. टोकियोने त्याचा अर्थ लावला की चीनने हात आखडता घेतला. २४ नोव्हेंबरला मॅकआर्थर यांनी अखेरची चढाई सुरू केली. तेव्हा समोर तीन लाखांच्या आसपास चिनी सैनिक दबा धरून होते.

या आंधळेपणाचे एक दृश्य चोसिन जलाशयाच्या पूर्व काठावरचे आहे. २७ नोव्हेंबरच्या रात्री तिथल्या अमेरिकन तुकडीवर चिन्यांनी चहूबाजूंनी हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दहाव्या कोअरचे सेनापती जनरल आल्मंड हेलिकॉप्टरने उतरले. समोर बर्फात प्रेते पडलेली होती. लेफ्टनंट कर्नल फेथ यांनी सांगितले की आपल्यावर पूर्ण चिनी डिव्हिजन चालून आल्या आहेत. आल्मंड यांनी ते उत्तरेकडे पळणाऱ्या शत्रूचे अवशेष आहेत असे सांगून पुढे हल्ला करण्यास फर्मावले आणि फेथ यांच्या छातीवर शौर्यपदक लावले. हेलिकॉप्टर उडताच फेथ यांनी ते पदक उपटून बर्फात भिरकावले. चार दिवसांत फेथ मारले गेले, आणि त्या सुमारे ३,२०० जणांपैकी लढण्याजोगे चारशेही उरले नाहीत. त्याच जलाशयाच्या पलीकडे, त्याच आल्मंड यांच्या हाताखाली, पहिल्या मरीन डिव्हिजनचे ओलिव्हर स्मिथ होते. वरून घाईचे हुकूम येत असताना त्यांनी मुद्दाम सावकाश कूच केली, वाटेत दारूगोळा साठवला आणि हागारु-रीला गोठलेली जमीन बुलडोझरने खरवडून, रात्री दिव्यांच्या उजेडात धावपट्टी तयार केली. तिची गरज आल्मंड यांना पटत नव्हती. त्या धावपट्टीवरून पुढे चार हजारांहून अधिक जखमी बाहेर काढले गेले आणि डिव्हिजन लढत लढत समुद्रापर्यंत पोचली. एकाच थंडीत, एकाच शत्रूपुढे, एकाच सेनापतीच्या हुकमाखाली दोन तुकड्यांची गत इतकी वेगळी झाली. काठ वेगळे होते, संख्या वेगळ्या होत्या, हे मान्य. पण स्मिथ यांनी इंचॉनच्या विजयावर विसंबून आपली शंका मोडीत काढली नव्हती, हेही तितकेच खरे.

तिसरा विजय चीनचा. ४ जानेवारी १९५१ रोजी चिनी फौजा सोलमध्ये शिरल्या. फंग यांना विजयाची किंमत ठाऊक होती: सैनिक पाठीवर जेमतेम आठवड्याचे अन्न वाहून नेत, भाजलेले पीठ आणि बर्फ खाऊन लढत, हजारो जणांचे पाय हिमदंशाने गेले होते. त्यांनी पाठलाग थांबवला, त्यावर उत्तर कोरियाच्या नेत्यांनी आणि सोव्हिएत प्रतिनिधींनी त्यांना दोष दिला. याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या त्रिसदस्य समितीने, जिच्यात आपले बेनेगल नरसिंग राव होते, युद्धबंदीचा प्रस्ताव मांडला. परक्या फौजा मागे घेणे आणि नंतर तैवान, तसेच संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा, यांवरही चर्चा, असे त्याचे स्वरूप होते. सोल हातात असताना इतका अनुकूल प्रस्ताव चीनला पुन्हा मिळाला नाही. १७ जानेवारीला पेकिंगने तो नाकारला. माओंना आणखी दक्षिणेकडे जायचे होते. फेब्रुवारीत फंग पेकिंगला गेले, माओंना झोपेतून उठवून त्यांनी रसदीची परिस्थिती सांगितली. तरीही एप्रिल-मेमध्ये पाचवी मोठी मोहीम झाली. तिच्यात चीनचे अपरिमित नुकसान झाले, एक अख्खी डिव्हिजन बुडाली आणि मेअखेरीस हजारोंनी चिनी सैनिक कैद झाले. सोल तर मार्चमध्येच गेले होते.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. डिसेंबरात वॉकर अपघातात मरण पावले आणि २६ तारखेला मॅथ्यू रिजवे आठव्या सेनेवर आले. त्यांना पराभूत सैन्य मिळाले होते, आणि ते एका अर्थाने त्यांच्या पथ्यावर पडले: तिथे कोणतीही कीर्ती सांभाळायची नव्हती. नकाशावर शत्रूच्या जागी एक मोठे लाल वर्तुळ आणि एक आकडा एवढेच होते. रिजवे यांनी आधी गस्ती पाठवायला लावल्या. २४ जानेवारीला ते स्वतः एका साध्या प्रशिक्षण विमानात बसले, हवाई दलाचे जनरल पार्ट्रिज वैमानिक झाले, आणि शत्रूच्या बाजूला वीसेक मैल आत, झाडांच्या शेंड्यांवरून उडत त्यांनी पाहणी केली. सैन्याच्या मोठ्या हालचालीची खूण दिसली नाही. दुसऱ्या दिवशी चढाई सुरू झाली. चिनी हल्ला आठवड्याभरात रसदीअभावी मंदावतो, ही बाब या पाहणीतून आणि लढायांच्या अनुभवातून हेरून त्यांनी आपले डावपेच आखले: मागे हटताना ओळ मोडू द्यायची नाही, हल्ल्याचा जोर ओसरला की तोफांनिशी पुढे सरकायचे. मार्चच्या मध्याला सोल परत आले. त्यानंतर त्यांनी यालूचे स्वप्न पाहिले नाही. आधी बातमी, मग निर्णय, हा त्यांचा क्रम होता.

यावर पहिला आक्षेप येईल तो पश्चातबुद्धीचा. नंतर शहाणपण सांगणे सोपे, असे म्हटले जाते. पण मी वर सांगितलेला एकही इशारा नंतरचा नाही. लेइ यिंगफूंचा अंदाज, पणिक्करांचा निरोप, उन्सानचे कैदी, स्मिथ यांची सावध चाल, फंग यांची कैफियत, हे सगळे निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर वेळेत आलेले होते. दुसरा आक्षेप असा की दोष एकट्या मॅकआर्थर यांचा नव्हता. वॉशिंग्टनने परवानगी दिली, ७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही एकसंध कोरियाच्या बाजूने ठराव केला. हे खरे आहे आणि त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. इंचॉनच्या झगमगाटाने एक सेनापती दिपला नव्हता, एक अख्खी राज्ययंत्रणा दिपली होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शंका घेणाऱ्यांचे ऐकले असते तर इंचॉन झालेच नसते. थोर सेनापती तोच जो दहा जणांच्या भीतीला न जुमानता पाऊल टाकतो. याचे उत्तर इंचॉनच्याच तपशिलात आहे. तिथे शंका धुडकावल्या गेल्या नाहीत, त्या सोडवल्या गेल्या. भरतीची वेळ साधली, भिंतीसाठी शिड्या केल्या, वोल्मिदो आधी घेतले, क्लार्क यांना पाठवून चिखल मोजला. यालूच्या मोहिमेत यातले काहीच झाले नाही. समोर किती सैन्य आहे, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याऐवजी सोयीचा आकडा धरला गेला. धाडस आणि बेफिकिरी यांतला फरक निर्णयाच्या आकारावर ठरत नाही, त्यामागच्या माहितीवर ठरतो. तोच सेनापती सप्टेंबरात धाडसी होता आणि नोव्हेंबरात बेफिकीर. मधल्या काळात त्याचे वय किंवा बुद्धी बदलली नव्हती, त्याला उलट प्रश्न विचारणारी माणसे संपली होती.

चौथा आक्षेप थांबण्यावरचा आहे. जून १९५१ मध्ये अमेरिकेने रेटा सैल केला, १० जुलैला केसोंगला वाटाघाटी सुरू झाल्या, आणि शस्त्रसंधी झाली ती २७ जुलै १९५३ ला. मधल्या दोन वर्षांत टेकड्याटेकड्यांवर माणसे मरत राहिली; अमेरिकेच्या एकूण हताहतांपैकी निम्म्याच्या जवळपास याच काळातली. आठव्या सेनेचे तेव्हाचे सेनापती व्हॅन फ्लीट यांना आयुष्यभर वाटत राहिले की आपल्याला पुढे जाऊ द्यायला हवे होते. या दुःखाला मी कमी लेखत नाही. थांबणे फुकट मिळत नाही, आणि वाटाघाटी सुरू होताच दबाव सैल केल्याने चिन्यांना खंदक खोदायला उसंत मिळाली, ही टीका रास्त आहे. पण पुन्हा यालूपर्यंत जाण्याचा अर्थ चीनशी उघड युद्ध असा होता, आणि ते युद्ध लढण्याचा निर्णय सेनापतीने घ्यायचा नसतो. मॅकआर्थर यांनी तो जाहीरपणे आपल्या हाती घेऊ पाहिला, म्हणून ११ एप्रिल १९५१ रोजी ट्रूमन यांनी त्यांना बडतर्फ केले. अमेरिकेत केवढा गहजब झाला! पण युद्धाचे उद्दिष्ट लोकनियुक्त सरकारने ठरवायचे आणि सेनापतीने साधायचे, ही मर्यादा त्या दिवशी टिकली. आक्रमण परतवणे हे मूळ उद्दिष्ट होते, आणि ते साध्य झाले.

या युद्धाच्या शेवटाशी आपलाही संबंध आहे. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा प्रश्न भारताकडे सोपवला गेला. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष भारतीय सेनाधिकारी थिमय्या होते आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे सेनापती आपले मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणले. पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेवर चीनकडून असलेल्या धोक्याचा अहवाल दिला. तो मनावर घेतला गेला नाही. इथेही आधी विजय आला: डिसेंबर १९६१ मध्ये गोवा दोन दिवसांत मुक्त झाले. दहा महिन्यांनी चीनने हल्ला केला, तोवर थोरातांचा इशारा तीन वर्षांचा जुना झाला होता.

अलीकडचा दाखला इराकचा. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीला सांगितले की जिंकलेला इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. त्यांच्याच संरक्षण खात्याने हा अंदाज जाहीरपणे खोडून काढला. ९ एप्रिलला बगदाद पडले, १ मे रोजी युद्धनौकेवरून मोठ्या लढाया संपल्याची घोषणा झाली, २३ मे रोजी इराकी सैन्य बरखास्त करण्याचा हुकूम निघाला आणि लाखो शस्त्रसज्ज माणसे बेकार झाली. अमेरिकन सैन्याची माघार २०११ पर्यंत लांबली.

श्रोतेहो, १७५८ साली अटकेपर्यंत गेलेल्या फौजांचा अभिमान आपण बाळगतो, तो बाळगावाच. पण त्यानंतर तीनच वर्षांनी पानिपत झाले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. माझी विनंती इतिहास शिकवणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना आणि मत देणाऱ्या नागरिकांना आहे. विजयाच्या दिवशी आनंद जरूर करा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हा प्रश्न विचारा: कालपर्यंत ज्यांना शंका होत्या ते आज कुठे आहेत, आणि त्यांचे कोण ऐकते आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवू नका. सैनिकांचे प्राण वाचवण्याचे नागरिकांच्या हाती असलेले ते एक साधन आहे.